जुनी जानमाज बघायची तर आधी उलटी करा

जानमाज म्हणजे नमाजाचा गालिचा. दुकानदार तो नेहमी सुलटाच पसरतो. एक झटका, की लाल कोनाडा तुमच्या पायाशी उलगडतो. वर लोंबता दिवा, दोन्ही बाजूंना खांब. मग चहा येतो आणि चहाबरोबर गोष्ट येते. गोष्ट ऐकून घ्यायला हरकत नाही, पण चहा येण्याआधी एक कोपरा धरा आणि गालिचा उलटा करा. एवढी साधी गोष्ट शिकायला मला एक फसवा गालिचा घरी आणावा लागला. त्याची हकिगत पुढे येईलच.

ज्यांनी आजवर एकही जुनी जानमाज हातात घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. विकत घ्यायची नसली तरी चालेल. संग्रहालयात काचेपलीकडून बघतानाही यातलं बरंच उपयोगी पडतं.

आधी वस्तू ओळखा

नमाजाला जागा स्वच्छ असली की पुरे, गालिचा हवाच असं नाही. चटई, सतरंजी, धुतलेली चादर, काहीही चालतं. तरी अनातोलिया (आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग), कॉकेशस, इराण, मध्य आशिया आणि हिंदुस्थानात एका माणसापुरते गाठींचे गालिचे शतकानुशतकं विणले गेले. आपल्याकडे त्याला जानमाज किंवा मुसल्ला म्हणतात, अरबीत सज्जादा, तुर्कीत नमाजलिक. आकार सजद्याला, म्हणजे जमिनीवर माथा टेकायला, पुरेल इतका, म्हणजे ढोबळमानाने तीन-चार फूट रुंद आणि पाच-सहा फूट लांब.

ओळखण्याची पहिली खूण म्हणजे नक्षीला दिशा असते. इतर बहुतेक गालिचे दोन्ही टोकांकडून सारखे दिसतात. जानमाजेला डोकं आणि पाय असतात. डोक्याकडे मिहराब, म्हणजे मशिदीत किब्ल्याच्या, मक्केकडच्या, भिंतीत असतो तो कोनाडा. त्याचं टोक मक्केकडे करायचं. कमानीच्या वर दोन्ही अंगांना उरणाऱ्या तिकोनी जागांना मी खांदे म्हणतो. खांद्यांतली नक्षी बघायची सवय लावून घ्या. नवखा माणूस मधला रंग बघतो आणि खांद्यांकडे बघतच नाही.

पण कमान दिसली की जानमाज, असंही नाही. तुर्कमेनांचा एन्सी हा तंबूच्या दाराला टांगायचा गालिचा. आडव्या-उभ्या पट्ट्यांनी त्याचे चार भाग पडलेले असतात आणि वर कधीकधी लहानशी कमान असते. तेवढ्यावरून तो बरीच वर्षं पश्चिमेकडे जानमाज म्हणून खपला. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांना कमानीच्या नक्षीचं वेड लागलं, तेव्हा नमाजाची एकही फेरी (रकात) न पाहिलेल्या ‘जानमाजा’ही भरपूर विणल्या गेल्या. आणि एकाच गालिच्यावर ओळीने अनेक कमानी असतील तर तो सफ, रांगेत उभं राहून नमाज पढणाऱ्यांसाठी.

आता उलटी करा

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही जवळपास तितकीच स्वच्छ दिसते. मागे कापड चिकटवलेलं असेल आणि त्याखाली रबरासारखा थर लागत असेल, तर तो टफ्टेड, बंदुकीसारख्या यंत्राने लोकर ठोकलेला. बोलणं तिथेच संपलं. मग दशा बघा. खऱ्या गालिच्यात दशा म्हणजे ताण्याचीच, उभ्या धाग्यांचीच, टोकं, ती विणीच्या आतून बाहेर येतात. वरून शिवलेल्या दशा म्हणजे एक तर यंत्राचा माल, नाहीतर मूळ टोकं झिजल्यावर केलेली डागडुजी. दुसरी गोष्ट क्षम्य आहे, फक्त ती विकणाऱ्याने आपण होऊन सांगायला हवी.

त्यानंतर ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे. अनातोलियाच्या गावांकडच्या जुन्या जानमाजांत ताणा लोकरीचा असतो. पश्चिम आणि मध्य अनातोलियात बाणा बऱ्याचदा लाल रंगवलेला सापडतो आणि मागून बारीक लाल रेघांसारखा डोकावतो. इराणच्या शहरी कारखान्यांत ताणा बहुधा सुती. तेव्हा ‘खेड्यातली, दोनशे वर्षांची तुर्की’ असं सांगून पांढराशुभ्र, एकसारख्या जाडीचा सुती ताणा पुढे आला, तर चहाचा पुढचा घोट जरा सावकाश घ्या.

गाठ दोन प्रकारची. सममित गाठ शेजारच्या दोन्ही ताण्यांना वेढते आणि तिची दोन्ही टोकं मधून वर येतात. तिला तुर्कस्तानातल्या गोर्देस गावाचं नाव आहे. असममित गाठ एका ताण्याला पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. तिला इराणमधल्या सेन्नेह शहराचं, म्हणजे आजच्या सनंदजचं नाव मिळालं. गंमत अशी की खुद्द सेन्नेहचे गालिचे सममित गाठीचे असतात. मागच्या बाजूवरून हा फरक ओळखायला जाऊ नका. गालिचा सुलटा करा, आडव्या ओळीवर दुमडा, लव, म्हणजे वर उभी राहिलेली लोकर, दोन्ही बोटांनी फाकवा आणि मुळाशी बघा. गळपट्टीसारखी आडवी पट्टी दोन ताण्यांवरून जाताना दिसली तर ती सममित. तुर्की आणि कॉकेशसच्या मालात हीच अपेक्षित, बलुची मालात बहुतेकदा असममित.

गाठी मोजायच्या असतील तर मागून पट्टी ठेवून एका इंचात आडव्या किती, उभ्या किती ते मोजा. ८ गुणिले ८ म्हणजे चौरस इंचाला ६४, युरोपियन पद्धतीने दहा सेंटिमीटरच्या चौकोनात साधारण हजार. गावच्या जानमाजेला एवढं चांगलं झालं. गाठी जास्त तितका गालिचा भारी, हे दुकानदारांनी पसरवलेलं गणित मला पटत नाही. तुर्कस्तानातल्या कोन्याकडची जाड, सैल, मोजक्या गाठींची एखादी पिवळी जानमाज तिथल्याच हेरेकेच्या चकचकीत रेशमी तुकड्यापेक्षा दहापट जिवंत वाटते.

उलट बाजू सोडण्याआधी गालिचा दोन हातांत धरून हलकेच दुमडा आणि कान द्या. कडकड असा कोरडा आवाज आला तर ताणा कुजलेला आहे. असा गालिचा फुकट मिळाला तरी जमिनीवर घालण्याच्या कामाचा नाही. मग दिव्यासमोर धरा. भोकं, रफू, कुठे लव उडून शाई नाहीतर स्केचपेन फिरवलेलं असेल ते सगळं उजेडात दिसतं. किनारीची नक्षी एखाद्या जागी अचानक तुटून पुन्हा सुरू होत असेल, तर मधला पट्टा कापून दोन तुकडे जोडलेले आहेत.

नक्षी वाचायची ती अशी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक उस्मानी (ऑटोमन तुर्की) दरबारी जानमाज आहे. जेम्स बॅलार्ड या सेंट लुइसच्या संग्राहकाने १९२२ मध्ये दिलेली, १६व्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीतली. तिचं चित्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. नक्षीचा अभ्यास सुरू करायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. तीन कमानी, त्यांना पेलणारे जोडखांब, मधल्या कमानीत लोंबता दिवा, खाली ट्युलिप आणि कार्नेशनची फुलं, वर छोटे घुमट. खांबांना बैठक आहे, डोकं आहे, म्हणजे इमारत उभी राहील असं चित्र. दिवा कुराणातल्या नूर सूऱ्याच्या ३५व्या आयतीची आठवण करून देतो. तिथे अल्लाहच्या प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आहे.

आता हीच नक्षी गावात गेल्यावर तिचं काय झालं ते बघा. विणणाऱ्या बाईने महाल पाहिलेला नाही. तिच्यासमोर आहे तो दुसऱ्या गालिच्यावरून उतरवलेला गालिचा. अनातोलियातल्या लादिकच्या जानमाजांत तीन कमानी टिकल्या, पण खांब सपाट झाले आणि घुमटांच्या जागी कंगोरे आले. लादिकची खरी ओळख म्हणजे लांब दांड्यांच्या ट्युलिपची ओळ, कमानीच्या वर किंवा खाली स्वतंत्र पट्ट्यात, कधी चक्क उलटी. गोर्देसमध्ये खांब बारीक होत होत दोन फिती झाल्या आणि त्यांच्या बैठका गेल्या. ते आता काहीच पेलत नाहीत, नुसते लोंबतात. दिव्याचं आधी फुलदाणीसारखं काहीतरी झालं, मग फुलांचा झुबका झाला. पण झुबका अजून वरूनच, उलटा टांगलेला. फुलं उलटी का लोंबतात, हे दुकानात कोणीही गूढ आवाजात सांगेल. उत्तर एवढंच, की तिथे आधी दिवा होता.

हा घसारा मला दरबारी सफाईपेक्षा जास्त आवडतो. एकाच ओवीची गावोगाव वेगळी चाल व्हावी, तसं हे आहे.

बाकीची गावं ओळखायला दोन-दोन खुणा पुरतात. कुला: अनेक अरुंद पट्ट्यांची किनार, रंग मवाळ. तिथलाच सरूची झाडं आणि घुमट्या पुन्हा पुन्हा येणारा नमुना बाजारात ‘कब्रस्तान’ म्हणून ओळखला जातो. मिलास: कमान खांद्यापाशी आत दबून पुन्हा टोकदार होते, रंग विटकरी आणि पिवळे. मुजूर: पायऱ्यापायऱ्यांची कमान. किर्शेहिर: १९व्या शतकातल्या सुलतान अब्दुलमजीदच्या काळची युरोपियन थाटाची फुलं, ज्यावरून त्या शैलीला मजीदी म्हणतात. कॉकेशसमधल्या शिरवानातल्या मरासालीच्या जानमाजेत मधला भाग बुट्ट्यांनी भरलेला असतो, आपल्या पैठणीवाल्यांनाही ओळखीची वाटेल अशी कोयरी. खोरासान आणि हेरातकडच्या बलुची जानमाजेत उंटाच्या रंगाच्या जमिनीवर ताठ झाड, आणि वरच्या दोन चौकोनांत कधी हाताचे पंजे, सजद्यात तळवे टेकतात त्या बाजूला.

कंगवा दिसला तर तो दाढीचा की गाठी ठोकायच्या पंज्याचा, यावर वाद घालणारे घालतात. मी त्यात पडत नाही. प्रत्येक आकाराला ‘अर्थ’ चिकटवणारा विक्रेता आणि प्रत्येक स्वप्नाचा अर्थ सांगणारा ज्योतिषी, दोघांची फी सारखीच वसूल होते.

एक खूण मात्र हाताने वाचायची. लवेवरून तळवा फिरवा. ज्या दिशेला ती गुळगुळीत लागते, त्या बाजूने विणकाम सुरू झालं होतं. अनातोलियाच्या कित्येक जानमाजांत लव कमानीकडे झुकलेली सापडते, म्हणजे बाईने मागावर कमान खाली ठेवून गालिचा उलटा विणला. आपण उलटा करून बघतो, तिने उलटा विणला.

रंग खोटं फार काळ बोलत नाहीत

काही तारखा पाठ करा. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनला जांभळा कृत्रिम रंग मिळाला, १८५९ मध्ये फुक्सिन आला, आणि पुढच्या दोन दशकांत हे रंग पूर्वेच्या बाजारांत पोचले. फुक्सिन उजेडात उडतो. पुढून राखाडी-करडी दिसणारी जागा फाकवली आणि मुळाशी किंवा मागे भडक गुलाबी-जांभळी निघाली, तर तो गालिचा १८व्या शतकातला असणं शक्यच नाही. एवढा एक तपास अर्ध्या थापा गारद करतो.

उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. रंग नैसर्गिक आहेत म्हणून गालिचा जुना, असं होत नाही. १९८१ पासून तुर्कस्तानात दोबाग नावाच्या प्रकल्पातून गावांत पुन्हा वनस्पतींचे रंग सुरू झाले, आणि आज ते करणारे बरेच आहेत. शिवाय आपल्या मंजिष्ठेच्या चुलतभावंडाच्या मुळांतून जो लाल येतो, त्यातलं मुख्य द्रव्य अलिझरिन १८६८ मध्येच प्रयोगशाळेत बनलं. निळीचंही तेच, १८९७ पासून कारखान्याची नीळ बाजारात आली. हा फरक डोळ्याला कळत नाही.

गडद तपकिरी रंग मात्र जरूर तपासा. लोह आणि टॅनिन वापरून केलेला हा रंग लोकर खातो. जुन्या गालिच्यात तपकिरी रेघांची लव झिजून खाली गेलेली असते आणि शेजारचे रंग उठून येतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी नक्षी लागते. नकलाकार हीच झीज कात्रीने करतात. कात्रीची झीज सगळीकडे एका पातळीची असते, खरी झीज खड्ड्याखड्ड्यांची.

जमिनीच्या रंगात आडवे पट्टे दिसले, निळा मध्येच फिका होऊन पुन्हा गडद झाला, तर घाबरू नका. त्याला अब्रश म्हणतात. लोकरीचा एक घाणा संपला, दुसरा थोडा वेगळा उतरला, एवढंच. शेवटी पांढरा रुमाल ओला करून एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबा. रुमालावर लाल उतरला तर किमतीचं बोलणं नव्याने सुरू करा.

विणलेली तारीख, आणि माझी फजिती

कॉकेशसच्या आणि काही तुर्की जानमाजांवर हिजरी साल विणलेलं असतं. ते इसवीत आणायचं तर सालाला ३३ ने भागा, आलेला आकडा सालातून वजा करा आणि ६२२ मिळवा. १३१० ला ३३ ने भागलं की ४० च्या आसपास येतात. १२७० अधिक ६२२ म्हणजे १८९२.

मी पहिली जानमाज घेतली तिच्यावर १२२४ होतं. दुकानातच हिशेब केला: १८०९. पेशवाईतला गालिचा आपल्या घरात, या आनंदात मी घासाघीससुद्धा केली नाही. काही महिन्यांनी एका जाणकार गृहस्थांनी ती बघितली, काही न बोलता उलटी केली आणि दुसऱ्या अंकावर बोट ठेवलं. अरबी लिपीतल्या तीनच्या डोक्यावर दोन खाचा असतात, दोनच्या डोक्यावर एकच. तीनचा एक दात उपटून तिथे जमिनीच्या लाल लोकरीच्या गाठी मारल्या, की झाला दोन. मागून तेवढ्या सात-आठ गाठींचा लाल जरा ताजा होता आणि त्या शेजारच्या गाठींपेक्षा फुगीर बसल्या होत्या. मूळ साल १३२४, म्हणजे १९०६. सात-आठ गाठींत सत्त्याण्णव वर्षं.

तेव्हा शंभराच्या अंकाची मागची बाजू भिंगाखाली बघा. अंक उलटे, आरशातल्यासारखे असतील तर मात्र लगेच नकली म्हणू नका. लिहितावाचता न येणाऱ्या हाताने दुसऱ्या गालिच्यावरून नक्षी म्हणून साल उतरवलं की असं होतं.

फसणाऱ्यांत मी एकटा नाही, हे सांगायला मला आवडतं. रुमेनियातल्या तेओदोर तुदुक या माणसाने २०व्या शतकात केलेल्या जुन्या तुर्की गालिच्यांच्या नकला नामांकित संग्रहालयांनी खऱ्या म्हणून घेतल्या. त्याने जागाही अचूक निवडली होती. ट्रान्सिल्व्हेनियातल्या जर्मन भाषकांच्या लुथेरन चर्चांत १६व्या-१७व्या शतकापासूनचे अनातोलियन गालिचे भिंतींवर आहेत. ब्राशोवच्या काळ्या चर्चमध्येच शंभरावर, आणि त्यांत जानमाजा पुष्कळ. १६१० मध्ये सुलतान अहमद पहिला याच्या काळात अनातोलियातल्या कुताह्या शहराला फर्मान सुटलं होतं, की मिहराब, काबा किंवा अक्षरं असलेले गालिचे बिगर-मुस्लिमांना विकू नयेत. फर्मान किती पाळलं गेलं ते त्या चर्चच्या भिंतींवर दिसतं.

घराजवळ काय बघाल

विजापूर आपल्यापासून दूर नाही. आसार महालातले आदिलशाही काळचे गालिचे गोल घुमटासमोरच्या संग्रहालयात आहेत. बरेच जीर्ण आहेत, पण दख्खनेत असा जुना माल एका जागी बघायला मिळणं दुर्मीळ. मुघलांच्या पदरच्या विणकरांनी मिहराबीत एकच फुललेलं रोप उभं करायची रीत पाडली आणि पुढे १८व्या शतकात काश्मीरकडे कमान शेकडो बारीक फुलांनी गच्च भरली. आणि पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात १९व्या शतकात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर ‘इराणी’ म्हणून गुंडाळून ठेवलेला मोठा गालिचा येरवड्याचाही असू शकतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

घेताना

पहिली खरेदी झिजलेल्या बलुचीची करा, किंवा एखाद्या तुर्की जानमाजेच्या नुसत्या तुकड्याची. अखंड गोर्देसच्या मागे लागू नका. तिच्या नकला बांदिर्मा आणि कायसेरीत इतक्या झाल्या, की नवख्याच्या हाती नक्कलच लागण्याची शक्यता मोठी. कायसेरीच्या ‘रेशमी’ मालात कधीकधी चमक आणलेलं सूत असतं. सुटलेला एक धागा जाळून बघा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागदाचा.

बिलावर प्रदेश, अंदाजे काळ आणि केलेली डागडुजी लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर उठा. परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर आणखी एक अडसर आहे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा, म्हणजे विमानतळावर वाद होत नाही. इस्तंबूलहून आणतानाही जुन्या गालिच्याला संग्रहालयाचा दाखला विचारतात.

घरी आणल्यावर

ती नमाजाची वस्तू आहे, एवढं भान ठेवा. दारात पायपुसण्यासारखी घालू नका, चपला घालून तिच्यावर जाऊ नका. भिंतीवर लावायची तर खिळे ठोकू नका. वरच्या कडेला मागून सुती पट्टी शिवून तिच्यात दांडी ओवा, म्हणजे वजन सगळ्या ताण्यांवर सारखं पडतं. समोरून ऊन येत असेल तर ती भिंत सोडा.

खरा शत्रू कसर. तिला अंधार, शांतता आणि लोकर आवडते, म्हणजे आपल्या कपाटाखालची जागा. गालिचा गुंडाळून ठेवायचा, घडी घालायची नाही. वर धुतलेला मांजरपाट, प्लास्टिक नको. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका. लागण झालीच तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवायचा. घरच्या फ्रीजरमध्ये बलुचीची छोटी पिशवी मावते, बाकीच्यांसाठी आइस्क्रीमवाला ओळखीचा असावा लागतो.

पावसाळा सरला की कोजागिरीच्या आसपास सगळे गालिचे सावलीत पसरा, उलटे करून. मागून मऊ ब्रशने झाडा आणि खाली पडेल ते पांढऱ्या कागदावर घेऊन बघा. वाळूसारखे बारीक कण आणि तांदळाच्या कणीसारखे पोकळ कोष दिसले, तर त्याच दिवशी पिशवी शोधा.